पोस्ट-रॉकचा नवा अल्बम: स्ट्रीमिंगवर, फाइल विकत घेऊन की रेकॉर्डवर?

गायक नसलेल्या पोस्ट-रॉक बँडच्या अल्बममध्ये मुखडा नसतो, अंतरा नसतो. जे काही घडते ते आवाजाच्या चढउतारात घडते. एक गिटार चार-पाच मिनिटे हळू वाजत राहते, तिच्यावर दुसरी चढते, मग ड्रम्स येतात आणि दहाव्या मिनिटाला सगळे एकदम अंगावर येते. ख्याल ऐकणाऱ्यांना ही चाल परकी वाटणार नाही. विलंबितात धीर सोडला तर द्रुत नुसता गोंगाट वाटतो. त्यामुळे कशावर ऐकायचे हे ठरवताना किलोबिटच्या आकड्यांआधी दोन गोष्टी पाहाव्यात: हळू आवाजाचा भाग पूर्ण ऐकू येतो का, आणि मोठ्या आवाजाचा भाग फाटतो का. बँड एक्स्प्लोजन्स इन द स्काय असो, मोनो असो की मॉन्ट्रियलचे गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, कसोटी हीच.

आधी जागा

महागडा फॉरमॅट गोंगाटात वाया जातो. निपाणी–बेळगाव बसमध्ये, मग ती कर्नाटकची असो की एसटी, इंजिनाची घरघर हळू गिटार गिळून टाकते. हात आपोआप आवाज वाढवतो. तवंदी घाट संपेपर्यंत तुकडा शिखरावर पोचतो आणि वाढवलेला आवाज कानात घुसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल फक्त ४ तास. ही मर्यादा ओलांडायला या संगीताइतके सोयीचे दुसरे काही नाही.

नॉइज कॅन्सलिंग घेतले की सुटलो, असेही नाही. ते इंजिन, पंखा अशा एकसुरी खालच्या आवाजांवर चांगले चालते. वडगाव-खासबागेत शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्याचा खटका, किंवा खानापुरात जुलैमध्ये पत्र्यावर कोसळणारा पाऊस, यांच्यापुढे ते अपुरे पडते. अचानक येणारे आणि वरच्या पट्टीचे आवाज त्याला पकडता येत नाहीत. तिथे कानात घट्ट बसणारे वायरचे इयरफोन आणि फोमच्या टिप्स जास्त उपयोगी. टिप चिमटून बारीक करायची, कान वर ओढून आत सरकवायची आणि फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायची. बेस पातळ वाटला तर बहुतेक वेळा इयरफोन वाईट नसतो, टिप नीट बसलेली नसते.

आवाज ठरवण्याची रीतही उलटी ठेवावी. पहिल्या हळू सुरांवर व्हॉल्यूम लावू नये. अल्बममधला सर्वांत मोठा भाग आधी शोधून वाजवायचा (लांब तुकड्यात तो बहुधा शेवटच्या तिसऱ्या भागात असतो), तिथे कानाला सोसेल इतका आवाज ठेवायचा, मग पहिल्यापासून सुरुवात. त्या पातळीवर हळू भाग ऐकूच येत नसेल तर जागा चुकली आहे. रात्री अकरानंतर ऐका. आणि गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभे राहून आल्यावर दुसऱ्या दिवशी कुठल्याच अल्बमबद्दल मत बनवू नका. कान काही काळ बधिर असतात, वरचे सूर कमी ऐकू येतात.

स्ट्रीमिंग

बँड आपल्याला आवडतो की नाही हेच अजून ठरायचे असेल तर स्ट्रीमिंग पुरेसे आहे, फक्त ॲपची सेटिंग्ज बदलावी लागतात. मूळ सेटिंग्ज तीन मिनिटांच्या गाण्यांसाठी बेतलेली असतात.

पहिले, क्रॉसफेड आणि ऑटोमिक्स बंद करा. दोन तुकड्यांमधला घुमत विरणारा शेवट हा रचनेचाच भाग असतो. क्रॉसफेड त्यावर पुढचा तुकडा चढवते. दुसरे, शफल बंद करून अल्बम क्रमाने लावा. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते. अल्बम क्रमाने लावला तर ती पूर्ण अल्बमला एकच माप लावते, त्यामुळे आतले चढउतार टिकतात. तेच तुकडे शफल केले की प्रत्येकाला वेगळे माप लागते आणि दोन मिनिटांचा नाजूक मधला तुकडा शिखराइतका मोठा होऊन बसतो. या सोयीत ‘मोठा’ हा पर्याय असेल तर तो टाळा. शांत अल्बम वर उचलताना तो शिखरे दाबतो. तिसरे, मोबाइल डेटाचा दर्जा ‘ऑटोमॅटिक’वरून काढून सर्वांत वरचा ठेवा. ३२० केबीपीएसला (सेकंदाला ३२० किलोबिट) मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे सत्तर मिनिटांच्या अल्बमला १७० एमबीच्या आसपास.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाच्या बाजूला जायचे असेल तर घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करून घ्या. मात्र ते डाउनलोड आपल्या मालकीचे नसते. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी नेट लागते, आणि वर्गणी थांबली की सगळे जाते.

यूट्यूबवर पूर्ण अल्बमचा एकच व्हिडिओ लावणे हा सर्वांत वाईट मार्ग. चढ नुकता सुरू होतो आणि मध्येच सिमेंटची जाहिरात येते. त्यानंतर तो तुकडा पहिल्यासारखा ऐकता येत नाही.

फाइल विकत घेणे

सीमाभागातल्या बहुतेक ऐकणाऱ्यांसाठी आमचे मत याच पर्यायाला. २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर या प्रकारातले बरेचसे बँड आहेत. अल्बमची किंमत साधारण ७ ते १० डॉलर असते, एकदाच द्यायची. फ्लॅक (दर्जा न गमावता लहान केलेली फाइल), एमपी३, वेव्ह यांपैकी हवा तो प्रकार हवा तितक्या वेळा उतरवता येतो. डिजिटल विक्रीत बँडकॅम्पचा हिस्सा साधारण १५ टक्के, उरलेल्यातून पैसे चुकते करण्याचे शुल्क वजा होऊन बाकी बँडकडे किंवा त्याच्या कंपनीकडे जाते.

अडते ते पैसे भरताना. इथे यूपीआय चालत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार मूळात बंद असतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नव्या कार्डांवर ते बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही चालू करा, मर्यादा हजार-दीड हजार ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. ‘पेमेंट फेल’ दिसले तर दहातली आठ कारणे इथेच सापडतात.

फ्लॅक घ्या. सत्तर मिनिटांचा सीडी दर्जाचा अल्बम साधारण ४०० ते ४५० एमबी होतो. एमपी३मध्ये प्रत्येक फाइलच्या टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते. प्लेअरने ती कापली नाही तर सलग वाहणाऱ्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर ‘टक्’ असा खंड पडतो. फ्लॅकमध्ये ती भानगड नाही, पण प्लेअरही सलग वाजवणारा हवा. अँड्रॉइडवर फूबार २००० फुकट आहे आणि हे काम नीट करतो.

आता फोनला वायर कशी जोडायची हा प्रश्न. ३.५ मिमीचे छिद्र नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डॉंगल लागतो. बाजारात शंभर-दीडशेला मिळणारे काही डॉंगल नुसती वायर असतात, आत डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी चिप) नसतो. बऱ्याच फोनवर ते मुळीच वाजत नाहीत. पाकिटावर ‘डॅक’ लिहिलेले असेल तरच घ्या. ॲपलचा छोटा डॉंगल चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार कमी येतो. डॉंगल आणि दीड-दोन हजारांचे वायरचे इयरफोन एवढ्यात जे ऐकू येते, ते पाच हजारांच्या ब्लूटूथमध्ये नेहमी येईलच असे नाही. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याच्या साध्या पद्धतीची, म्हणजे एसबीसी कोडेकची, धाव ३२८ केबीपीएसच्या आसपास संपते, आणि गर्दीच्या ठिकाणी तीही खाली येते. तीन गिटारींचा रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) आणि सतत वाजणाऱ्या झांजा एकत्र आल्या की तिथे धूसर वाळूसारखा खरखराट येतो. फोन आणि बड्स दोघांकडेही एलडॅक हा वरच्या दर्जाचा कोडेक असेल तर ही तक्रार बरीच कमी होते.

सीडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आवाज फ्लॅकइतकाच, ८० मिनिटांपर्यंतचा अल्बम एका सीडीवर बसतो. पण नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. मुखपृष्ठ हातात हवे असेल आणि रेकॉर्ड परवडत नसेल तर घ्या.

रेकॉर्ड

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाच्या रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांपर्यंत चांगली वाजते. मोनो बँडचा २०२४ मधला ‘ओथ’ हा अल्बम सुमारे ७१ मिनिटांचा, म्हणून तो दोन रेकॉर्डवर येतो आणि ऐकताना तीनदा उठून बाजू बदलावी लागते. काहींना हे उठणे आवडते. पण या संगीताची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सुई आत सरकते तशी तिच्याखालची खाच हळू धावू लागते: बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर, आत शेवटी २१. तेवढ्याच वेळेचा आवाज कमी जागेत कोंबला जातो आणि वरचे सूर फाटतात. पोस्ट-रॉकचे शिखर तर बाजूच्या शेवटीच येते. जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच रेकॉर्ड सर्वांत अशक्त असते. चांगली सुई आणि तिचे रेकॉर्डवर पडणारे अचूक वजन यांनी हे कमी होते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) २ ग्रॅम वजन द्यावे. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर जड वजनाने खाच झिजवतात, ते घेऊच नका.

शहापूरच्या जुन्या घरात माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर कुणी चालले की सुई उडते. टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. लाईट गेली आणि घर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालू लागले की ॲम्प्लिफायरमध्ये घूंऽऽ असा आवाज शिरतो आणि हळू भाग त्याखाली जातो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर हा त्रास फारसा होत नाही. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी धरते. रेकॉर्ड उभ्या, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा आणि कागदी आतली पाकिटे काढून प्लास्टिकच्या अस्तराची घाला.

हे सगळे जमण्यासारखे असेल तर रेकॉर्ड बँडकॅम्पवरूनच मागवा. बहुतेक बँड रेकॉर्डबरोबर फाइलही देतात, म्हणजे पार्सल समुद्रापलीकडे असतानाच फ्लॅक हातात येते. हिशेबात कुरियर, कस्टम्स ड्युटी आणि जीएसटी धरा. रेकॉर्डच्या किमतीइतकाच खर्च वरून होऊ शकतो, म्हणून दोघा-तिघांनी मिळून एकाच पार्सलमध्ये मागवलेले बरे. कुरियर कंपनी मध्येच ईमेलने केवायसीची कागदपत्रे मागते. ती मेल स्पॅममध्ये जाते, उत्तर न मिळाल्याने पार्सल कस्टम्समध्ये अडकते आणि शेवटी परत जाते. ऑर्डर दिल्यापासून ट्रॅकिंग क्रमांक आणि स्पॅमचा फोल्डर दोन्ही बघत राहा.