घरगुती ट्रेडमिल: पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

भर पावसाळ्यात मशीन बंद पडलं. पाय टेकला की पट्टा क्षणभर अडखळायचा, मग पडद्यावर एरर कोड यायचा आणि सगळं थांबायचं. सर्व्हिसवाल्याने झाकणही न उघडता निदान सांगितलं: कंट्रोलर बोर्ड (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारी सर्किटची पाटी) गेलाय, काही हजार लागतील, भेटीचे पैसे वेगळे. मोटर वॉरंटीत होती, बोर्डाची मुदत संपलेली, आणि पट्टा व त्याखालची फळी हे 'झिजणारे भाग' म्हणून वॉरंटीत कधी नव्हतेच. प्रत्यक्षात फळी ठणठणीत कोरडी पडली होती. काही शे रुपयांची सिलिकॉन तेलाची बाटली आणली, आणि तोच बोर्ड आजही चालतोय.

वेग, मोटरची ताकद, वजनमर्यादा सगळीकडे लिहिलेली असते. तेलाबद्दल मात्र माहितीपुस्तिकेत दोन ओळी असतात आणि विकणारा त्याचा उल्लेखही करत नाही. याचा मला राग आहे, कारण बंद पडलेल्या घरगुती ट्रेडमिलमध्ये सर्वात आधी बघायची जागा तीच.

पट्टा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळीवर घासत सरकतो आणि प्रत्येक पावलाला आपलं वजन त्याला फळीवर दाबतं. मधला सिलिकॉनचा पातळ थर संपला की घर्षण वाढतं. वेग टिकवायला मोटर जास्त करंट ओढते, तो करंट बोर्डातूनच जातो, बोर्ड तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन थांबवतो. असंच रेटत राहिलं तर बोर्ड खरंच जळतो. कोरड्या फळीवर नवा बोर्ड बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार, आणि पैसे दुसऱ्यांदा जाणार.

तपासायला प्लग काढा, पट्टा बाजूने उचला आणि हात मध्यापर्यंत आत घाला. कडेला तेलकटपणा लागला म्हणून थांबू नका. पावलं पडतात तो पुढचा-मधला भाग आधी कोरडा होतो. बोटांना तिथे काहीच ओशट लागलं नाही तर तेल घालायची वेळ झाली. सुक्या कापडाने पट्ट्याखालची धूळ पुसा, दोन्ही बाजूंनी मिळून २० ते ३० मिलिलिटर तेल नागमोडी रेषेत मध्याकडे सोडा, मग ताशी ३ किमी वेगाने ४-५ मिनिटं चाला, पावलं थोडी डावी-उजवीकडे टाकत, म्हणजे थर सगळीकडे पसरतो. रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याला साधारण तीन महिन्यांनी हे करावं लागतं. घरात दोघं-तिघं वापरत असतील तर लवकर.

तेल १०० टक्के सिलिकॉनचंच हवं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल चालत नाही: धूळ धरून चिकट लगदा होतो, पट्ट्याची खालची बाजू खराब होते. गंज सोडवायचा साधा स्प्रे तर उरलेला थरही धुऊन काढतो.

जास्त तेलही नको. ते रोलरपर्यंत, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दांड्यांपर्यंत, गेलं की पट्टा घसरतो, आणि पट्टा सैल झाल्यावरही नेमकं हेच दिसतं. म्हणून आधी ताण बघा: बंद मशीनवर मध्यभागी पट्ट्याची कड ५ ते ७ सेंटिमीटर उचलली जायला हवी. त्याहून जास्त उचलली गेली तर मागचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर फक्त उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग मिनिटभर रिकामं चालवून बघा. घाईत दोन-तीन फेरे फिरवले तर ताण वाढून मोटर आणि बेअरिंग दोन्हींवर भार येतो.

माझ्या मशीनचा हाताने बदलायचा तीन टप्प्यांचा चढ सुरुवातीला निव्वळ दिखाऊ वाटला होता. ते मत आता पूर्ण बदललं आहे. सपाट पट्ट्यावर ताशी ५ किमी चालणं म्हणजे विश्रांतीच्या साधारण ३.४ पट ऊर्जा. ५ टक्के चढावर, त्याच वेगाला, तो आकडा ५.५ पर्यंत जातो. ७० किलोच्या माणसाला अर्ध्या तासात सुमारे १२० ऐवजी १९० कॅलरी, आणि गुडघ्यांना पळण्याचे धक्के नाहीत. आपला चढ टेपने मोजता येतो: पुढच्या-मागच्या टेकूंमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आणि उंचीत ६ सेंटिमीटर फरक असेल तर तो ५ टक्के. दांडी धरून चाललं की यातला बराच फायदा जातो, कारण वजन हातांवर येतं. दांडी धरावीच लागत असेल तर वेग कमी करा.

पडद्यावरच्या कॅलरींवर जेवण ठरवू नका. ज्या मशीनला तुमचं वजनच सांगितलेलं नाही, त्याचा आकडा अंदाजच असतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की तो मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली आहेत, म्हणजे ५ दिवस अर्धा तास. त्यातच २ दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. तो ट्रेडमिलवर होत नाही. बैठका आणि भिंतीला टेकून दंड, प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, यापासून सुरुवात करा. फक्त चालून खांदे-पाठ मजबूत होणार नाहीत.

मशीन १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. पातळ वायरच्या एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं आणि करंट पुन्हा वाढतो. दमट हवेत फळी फुगते, म्हणून भिंतीची ओल आणि उघडी खिडकी यांपासून दूर ठेवा. बाहेरचे बूट पट्ट्यावर नकोत; त्यांतली वाळू पट्टा आणि फळी दोन्ही घासते. घरात लहान मुलं असतील तर चालून झाल्यावर चुंबकाची सेफ्टी की (जिच्याशिवाय मशीन सुरू होत नाही) काढून उंचावर ठेवा.

सेकंडहँड घेताना मालकाला पट्टा उचलायला सांगा. फळीच्या मध्यावर चकचकीत थर जाऊन तपकिरी लाकूड दिसत असेल तर तेलाने भागणार नाही, फळी आणि पट्टा दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करून बोला. माझ्या मशीनला सध्या पाचपैकी साडेतीन. तुटलेला दीड सर्व्हिसचा.