निकोटिनचं च्युइंगम, २ मिलिग्रॅम, मिंट: अकरा आठवडे वापरून

चहा आणि हे सिगारेट सोडण्यासाठीचं च्युइंगम एकत्र चालत नाही. आतल्या पत्रकावर हे इतक्या बारीक अक्षरात छापलंय, की मला कळेपर्यंत पहिला आठवडा आणि चार पट्ट्या वाया गेल्या. म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नोकरी सतरा वर्षं, सिगारेट त्याहून दोन वर्षं जुनी. दिवसाला आठ ते दहा. पहिली सकाळी साडेआठला गेटबाहेरच्या टपरीवर, कटिंगबरोबर. मधल्या सिगारेटी सायकल स्टँडच्या मागे, एफवायची (पहिल्या वर्षाची) एक बॅच गेली आणि दुसरी यायची आहे तेवढ्यात. शेवटची संध्याकाळी, गॅसचे कॉक तपासून कुलूप लावलं की. दिवसभर मुलांना ‘इथर उघडंय, काडी पेटवू नका’ म्हणून ओरडायचं आणि पाच वाजता स्वतः काडी पेटवायची, असा सगळा कारभार.

जूनमध्ये कॉलेजात प्रस्ताव आला: परिसर पूर्ण तंबाखूमुक्त. मैदान, पार्किंग, हॉस्टेलची गच्ची, सायकल स्टँड, सगळं धरून. आणि विद्यार्थ्यांना जो नियम तोच कर्मचाऱ्यांना. मीटिंगमध्ये राज्यशास्त्राचे एक सर उठले आणि म्हणाले, सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला बंदी घालणारा कायदा २००३ चा आहे, सार्वजनिक जागेच्या व्याख्येत शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालयं नावानिशी लिहिलीत, २ ऑक्टोबर २००८ पासून नियमही कडक झालेत, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. मग आपण प्रस्ताव कसला मांडतोय? उत्तर कोणाकडेच नव्हतं. मी टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत बसलो होतो.

प्रस्तावावर चर्चा चालू असतानाच गेटबाहेर पिवळी रेघ मात्र आली. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, म्हणजे साधारण ९१ मीटर. जिमखान्याची टेप लावून मोजलं तर मामांची टपरी साठावरच. मामांनी पाकिटं काढून टाकली. चहा आणि क्रीमरोल ठेवले. दोरीला बांधलेला लाइटर मात्र अजून लोंबतोय. तो काढायला कोणी सांगितलं नाही म्हणे.

आता सिगारेटसाठी रेघेपलीकडे चालत जायचं आणि यायचं, आणि इकडे टायट्रेशनला बसलेली वीस मुलं ‘सर, ब्युरेट गळतंय’ म्हणून हाका मारणार. त्याला कंटाळून मी मेडिकलमध्ये गेलो.

आधी सरळ गोष्टी. २ मिलिग्रॅम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्यांना पहिली सिगारेट लागते त्यांच्यासाठी ४. माझी साडेआठला, म्हणून मला २ पुरलं. माझ्या रोजच्या सिगारेटच्या हिशेबात हे स्वस्तच पडलं, पण आमचा मेडिकलवाला पट्टी फोडत नाही. सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी, तरी ती कुठेही एक-एक मिळते. सोडायचं औषध मात्र अख्खी पट्टी घ्या! चव मिंटची, पण पहिल्या मिनिटापुरतीच. नंतर मिरी चावल्यासारखं घशात झोंबतं.

झोंबण्याचं कारण बहुतेक आपणच असतो. साध्या च्युइंगमसारखं हे दणादण चावायचं नाही. आठ-दहा वेळा सावकाश चावा, चुरचुर जाणवली की थांबा, आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चुरचुर गेली की पुन्हा थोडं चावा. असा अर्धा तास. तंबाखू मळून बार भरणाऱ्यांना हे शिकवावं लागणार नाही. मला लागलं. पहिल्या दिवशी मी ते सरळ चावून खाल्लं आणि प्रॅक्टिकलच्या तोंडीला बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर वीस मिनिटं उचक्या देत उभा राहिलो.

आता चहाचं. निकोटिन हा बेस आहे, म्हणजे आम्लाच्या उलट. तोंडातलं पाणी जरा अल्कधर्मी असेल तरच ते गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं, म्हणून गममध्येच कार्बोनेट घातलेलं असतं. वरून आम्ल आलं की त्याचा क्षार होतो, तो आत शिरत नाही, थुंकीबरोबर पोटात जातो आणि मळमळ, उचक्या सुरू. हे रोज ज्याच्या हाताखालून जातं त्या माणसाने घोट-घोट चहाबरोबर गम चघळावा, याला काय म्हणायचं! शेवटी पीएच पेपर काढले, आम्ल किती ते रंगाने दाखवणारे: सातच्या खाली आम्ल, वर अल्क. मामांचा चहा सहाच्या आसपास, पिवळसर. कँटीनचं लिंबू सरबत लालभडक, दोन-तीन. गम चघळताना माझी थुंकी हिरवट निळी, आठाच्या पुढे. टीवायची (तिसऱ्या वर्षाची) दोन पोरं बघत होती. एक म्हणाला, ‘सर, हे जर्नलमध्ये लिहायचं का?’

तेव्हापासून चहा संपला की पंधरा मिनिटं थांबतो, मगच गम. आणि इथेच हे उत्पादन माझ्यापुरतं तोकडं पडतं. माझी सिगारेट चहाला बांधलेली होती. तलफ येते ती नेमकी चहा घशाखाली उतरताना, आणि नेमकं तेव्हाच हे चालत नाही. त्या पंधरा मिनिटांत मी वहीत काचसामानाची मोजणी लिहितो. लॅबच्या फुटलेल्या पिपेटींचा हिशेब इतका चोख कधीच नव्हता.

हातांचं काय करायचं, याचंही उत्तर पट्टीत नाही. सायकल स्टँडमागच्या पाच मिनिटांचंही नाही. कोणाची फी थकलीय, कोण एमपीएससीचं गावी न सांगता करतोय, हे मला तिथेच कळायचं. आता मी लॅबच्या दारात एकटाच गाल फुगवून उभा असतो.

पण तलफ? ती खरंच उतरते. झुरक्यासारखी लगेच नाही, दहाएक मिनिटांनी, पण उतरते. चिडचिड कमी, झोप बरी, शर्टाला वास नाही. पत्रकात बारा आठवड्यांची उतरंड दिलीय: सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग दोन-चार तासांनी, मग चार-आठ. मी आता दिवसाला तीनवर आहे. मध्ये दोन सिगारेटी झाल्या, एक विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला, दुसरीचं कारण सांगण्यासारखं नाही.

प्रस्ताव अजून मंजूर व्हायचाय. झाला तर दंडाच्या पावती पुस्तकाबरोबर ऑफिसात या गोळ्यांचं एक खोकंही ठेवा, असं मी लेखी दिलंय, आणि फलकावर १८००-११-२३५६ लिहा असंही. तो नंबर सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून आहे, मी एकदाही वाचला नव्हता.

पाचात साडेतीन. एक चांदणी चवीची कापली, अर्धी त्या बारीक अक्षरांची. आणि घेणार असाल तर चघळून झालेला गम कागदात गुंडाळून टाका. त्यात निकोटिन उरलेलं असतं, लहान पोरं आणि कुत्री तोंडात घालतात. शिवाय बेंचांखालचे च्युइंगम पटाशीने खरवडायचं काम माझ्याकडेच आहे.