मॉटिक: फॉर्म झकास, सेगमेंट मात्र जपून

गोव्यातल्या बहुतेक होमस्टेंची आणि मसाल्याच्या बागांची ईमेल यादी म्हणजे एक सरसकट एक्सेल शीट. ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांना एकच मजकूर जातो. मग मडगावच्या माणसाला विमानतळावरून आणायची सोय कळते आणि मॉस्कोच्या पाहुण्याला रविवारच्या जेवणाचं आमंत्रण. हे थांबवायला मॉटिक हे सॉफ्टवेअर किती कामाचं आहे, एवढंच इथे पाहू.

मॉटिक 2014 मध्ये सुरू झालेलं मुक्त-स्रोत मार्केटिंग ऑटोमेशन आहे, म्हणजे ठरवलेल्या अटींनुसार ग्राहकांना ईमेल आपोआप पाठवणारं, कोड सर्वांना खुला असलेलं सॉफ्टवेअर. परवान्याचे पैसे नाहीत. होस्टिंगचा आणि ईमेल पाठवणाऱ्या सेवेचा खर्च मात्र आहे, आणि सर्व्हरची भीती न वाटणारा एक माणूसही लागतो.

त्याची खरी ताकद फॉर्ममध्ये आहे. पहिल्या भेटीत नाव, ईमेल आणि येण्याची तारीख एवढंच विचारायचं. प्रत्येक रकान्याच्या सेटिंगमध्ये दोन सोयी आहेत: उत्तर आधीच माहीत असेल तर रकाना लपवणं, आणि ठरावीक वेळा फॉर्म भरल्यावरच तो दाखवणं. त्यामुळे तोच पाहुणा पुन्हा आला की ईमेलच्या पुढचा प्रश्न दिसतो, ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न मोकळा ठेवू नका. लोक दाबोळी, डाबोलिम, दाभोळी असं काहीही लिहितात आणि एका विमानतळाचे तीन गट होतात. मोपा, दाबोळी, थिवी, मडगाव आणि ‘स्वतःच्या गाडीने’ अशी यादी द्या. यादीत दिसणारं नाव आणि साठवलं जाणारं मूल्य वेगळं ठेवता येतं, म्हणजे रशियन फॉर्म आणि मराठी फॉर्म दोन्हींतून एकच मूल्य जमा होतं. मोपा निवडलं तरच विमानाची वेळ विचारणारा सशर्त रकानाही जोडता येतो.

आता खोच. फॉर्मचा एचटीएमएल हाताने कॉपी करून वेबसाइटवर चिकटवला, तर हे लपवणं-दाखवणं चालत नाही. मॉटिक देतं ती जावास्क्रिप्टची ओळच वापरा. वेबसाइटवर पान साठवून ठेवणारा कॅश प्लगइन असेल, तर फॉर्मचं पान त्यातून वगळून तपासा. आणि फॉर्मचा प्रत्येक रकाना संपर्काच्या, म्हणजे मॉटिकमधल्या त्या पाहुण्याच्या नोंदीच्या, त्या-त्या फील्डशी जोडलाय ना, हे पाहा. ही जोडणी राहिली तर उत्तर फॉर्मच्या नोंदीत पडून राहतं, सेगमेंटला, म्हणजे अटी लावून बनवलेल्या पाहुण्यांच्या गटाला, त्याचा पत्ताच नसतो. सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथेच.

रिसेप्शनवरच्या टॅबलेटसाठी, म्हणजे एकाच यंत्रावर अनेकांनी फॉर्म भरायचा असेल तेव्हासाठी, ‘किऑस्क मोड’ आहे. तो चालू न करता दिवसभर पाहुण्यांकडून फॉर्म भरून घेतले, तर एकाच ब्राउझरची कुकी (त्यात साठवलेली ओळखखूण) दहा जणांच्या माथी बसते. नवरा-बायकोने एकच ईमेल दिला तर दुसऱ्याचं नाव पहिल्यावर चढतं, कारण मूळ सेटिंगमध्ये माणसाची ओळख ईमेलवरूनच ठरते. त्यावर किऑस्क मोडचाही उपाय नाही.

सेगमेंट दिसायला सोपे, पण ‘आणि’-‘किंवा’ची मांडणी दगा देते. ‘राज्य महाराष्ट्र, किंवा राज्य कर्नाटक, आणि संमती होय’ असं लिहिलंत, तर संमतीची अट फक्त कर्नाटकाला लागते. ‘किंवा’ आलं की नवा गट सुरू होतो, म्हणून महाराष्ट्रातले सगळे विनासंमती आत येतात. दोन्ही राज्यं एकाच फिल्टरमध्ये ‘यांपैकी’ अशा अटीने निवडा आणि संमती ‘आणि’ने जोडा. हाताने सेगमेंटमध्ये घातलेला माणूस अट पुरी करत नसला तरी तिथेच राहतो, आणि हाताने काढलेला अट पुरी करूनही परत येत नाही. त्यामुळे हाताने ढवळाढवळ शक्यतो नकोच.

सेगमेंटमध्ये शून्य माणसं दिसली की लोक फिल्टरला दोष देतात. बहुधा क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप आज्ञा चालवणारी सोय, लावलेलाच नसतो. सेगमेंट ताजे करणं, मोहिमेत (आपोआप जाणाऱ्या ईमेलच्या मालिकेत) माणसं भरणं आणि मोहीम चालवणं अशा तीन आज्ञा आहेत. तिन्ही दर 15 मिनिटांनी, पण एकमेकींपासून 5 मिनिटांच्या अंतराने लावा. स्वस्त होस्टिंगवर क्रॉन तासातून एकदाच चालत असेल, तर ‘आजच चौकशी केली’ असल्या गटाचा उपयोग नाही. चौकशीला पहिलं उत्तर फॉर्म भरताच चालणाऱ्या फॉर्मच्याच कृतीतून पाठवा, ते मोहिमेवर सोपवू नका.

संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवू नका. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याला माणसाने स्वतः केलेली स्पष्ट कृती हवी, आणि संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. युरोपातले पाहुणे असतील तर तिथलेही नियम पाळायला हवेत. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या, डोमेनच्या नोंदी पहिल्या ईमेलआधीच लावा. जीमेलने 2024 पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. तुमची यादी छोटी असली, तरी स्पॅममध्ये जाणं परवडत नाही.

फॉर्मला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ, सेगमेंटला साडेतीन. दरवर्षी परत येणारे पाहुणे, दोन-तीन भाषा आणि अनेक प्रकारच्या सहली असलेल्या व्यवसायाने मॉटिक जरूर घ्यावं. चार खोल्यांच्या घराला, जिथे मालकाला प्रत्येक पाहुण्याच्या मुलांची नावंसुद्धा पाठ असतात, एक वही पुरे.