वाल दोर्चातलं शेतघर: राहायला जाण्याआधी काय माहीत हवं

इटलीत खेड्यात राहायचं म्हणजे बहुतेक वेळा 'आग्रितुरिस्मो'त राहायचं. बुकिंगच्या ॲपवर ही शेतघरं हॉटेलांच्याच यादीत दिसतात, फोटोही तसेच चकचकीत असतात. त्यामुळे लोक हॉटेल समजून पैसे भरतात आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. इटलीचा कायदा (पहिला १९८५चा, आता लागू असलेला २००६चा) सांगतो की हा व्यवसाय शेतकऱ्यानेच करायचा आणि पाहुणे ठेवणं हे शेतीला जोडून, शेतीपेक्षा दुय्यम असलं पाहिजे. म्हणजे खिडकीखालून ट्रॅक्टर पहाटेच जाणार, कापणीच्या दिवसांत मालकीणबाई दुपारी भेटणार नाहीत आणि रात्री काउंटरवर कोणी बसलेलं नसणार. हे आधी ठाऊक असेल तर सिएना जिल्ह्यातल्या वाल दोर्चा खोऱ्यात चार-पाच रात्री राहण्यासारखं सुख नाही. हॉटेलची सवय सुटत नसेल तर सिएना शहरातच खोली घ्यावी.

पिएन्झा, सान क्विरिको दोर्चा, मोन्ताल्चिनो, कास्तिल्योने दोर्चा आणि रादिकोफानी या गावांच्या मधला हा टापू २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फोटोत दिसतात त्या हिरव्यागार टेकड्या म्हणजे कायमची कुरणं नव्हेत, तो गहू आहे. तो हिरवा असतो एप्रिल-मेमध्ये. जूनमध्ये पिवळा पडतो, जूनअखेर ते जुलैत कापला जातो आणि ऑगस्टमध्ये नांगरलेली राखाडी ढेकळं उरतात. ऑगस्टमध्ये जाऊन 'फोटोत होतं तसं काहीच नव्हतं' असं लिहिणाऱ्यांना कोणी फसवलेलं नसतं, महिना चुकलेला असतो. आपल्या शाळांची सुट्टी मेमध्ये असते, त्यामुळे मराठी कुटुंबांना खरा हंगाम आपसूक साधतो. मे महिन्यात एकच उणीव राहते: पोहण्याचा तलाव. तो उघड्यावर असतो, पाणी तापवलेलं नसतं आणि अनेक ठिकाणी मेअखेर किंवा जूनमध्येच उघडतो. पोरांना तलावाचं आश्वासन देण्याआधी तारीख विचारून घ्या.

गाडीशिवाय इथे राहण्यात अर्थ नाही. जवळचं मोठं स्टेशन किउसी, फ्लोरेन्स-रोम मार्गावरचं; पण तिथून शेतघरापर्यंत बस जाईलच असं नाही, आणि दूध आणायला सुद्धा पाच-सात किलोमीटर जावं लागतं. भाड्याच्या गाडीसाठी भारतीय परवान्यासोबत आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट हवंच (एक वर्ष चालतं), आणि अनामतीसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचा परवाना, यावर काउंटरवरून परत पाठवतात. पंपावर 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलियो' म्हणजे डिझेल. 'गासोलियो' हे 'गॅसोलीन'सारखं ऐकू येतं म्हणून पेट्रोलच्या गाडीत डिझेल ओतणारे पुष्कळ. 'सेर्वितो' लिहिलेल्या बाजूला माणूस इंधन भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो. 'सेल्फ'ला आपलं आपण.

शेवटचे एक-दोन किलोमीटर बहुधा कच्चा रस्ता असतो, 'स्त्रादा ब्यांका', पांढऱ्या खडीचा. उन्हाळ्यात गाडीवर पिठासारखी धूळ बसते, त्याचं काही नाही. पाऊस झाला की इथली चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखी वागते, चाकाला आणि बुटाला थर चढत जातो. ताशी वीस-तीसच्या वर जाऊ नका. खडी उडून तळाला आणि टायरला लागते, आणि भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात टायर, काच आणि तळ बऱ्याचदा धरलेले नसतात. अंधार पडल्यावर रानडुकरं आणि साळिंदरं रस्ता ओलांडतात. म्हणून पहिल्या दिवशी उजेडातच पोहोचावं. खोली साधारण दुपारी चार ते सातच्या दरम्यान ताब्यात देतात. उशीर होणार असेल तर फोन करायचा, कारण किल्ली देणारा माणूस तोवर जेवायला बसलेला असतो. पासपोर्ट मागतात तेव्हा बिचकू नका, पाहुण्यांची नावं २४ तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

सिएनाला किंवा फ्लोरेन्सला दिवसभरासाठी जाताना जुन्या शहराच्या तोंडाशी पांढऱ्या गोलाला लाल कडा असलेली पाटी दिसते, 'झोना त्राफिको लिमितातो', म्हणजे परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग. तिथे कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. दंड काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येतो आणि गाडीची कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापते. गाडी कोटाबाहेर लावून चालत आत जा.

आता खोली. इमारती जुन्या, दगडी. भिंती हात-दीड हात जाड. उन्हाळ्यात दुपारी दोनला आत गारवा असतो, पंखाही पुरतो. एप्रिलमध्ये हीच भिंत रात्रभर थंडी धरून ठेवते. गरम हवा हवी तेव्हा सुरू होईल असं धरून चालू नका: इटलीत हीटिंग कधी आणि किती तास चालवायचं हे हवामान-विभागानुसार ठरलेलं आहे आणि या भागात हंगाम साधारण १५ एप्रिलला संपतो. हंगामातही शेतघरातला गॅस टाकीतून येतो, म्हणून हीटिंगचं बिल मीटरवर वेगळं लावतात. जाहिरातीत 'आ कोन्सूमो' हे शब्द दिसले तर त्याचा अर्थ तोच. जाड भिंतीमुळे वायफायही खोलीत मंद मिळतं. जिना उंच आणि अरुंद असतो, लिफ्ट नसते. गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर 'प्यानो तेर्रा', म्हणजे तळमजला, लेखी मागून घ्या. खिडक्यांना लाकडी झडपा असतात, जाळी मात्र सगळीकडे नसते. संध्याकाळी दिवा लावण्याआधी झडपा ओढल्या नाहीत तर रात्रभर डासांशी सामना. मच्छर-अगरबत्ती नको, तिथल्या सॉकेटमध्ये बसणारं लिक्विडचं यंत्र किराणा दुकानात मिळतं.

न्हाणीघर मात्र आपल्या माणसाला सुखावणारं. इटलीत १९७५च्या एका सरकारी आदेशानुसार घरातल्या किमान एका बाथरूममध्ये बिडे असणं सक्तीचं आहे. कमोडच्या शेजारी कमी उंचीचं भांडं आणि त्याला नळ. आपला हँड-फॉसेट नव्हे, पण पाणी आहे, आणि युरोपच्या प्रवासात तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. शेजारी टांगलेला छोटा टॉवेल त्यासाठीच असतो, त्याने तोंड पुसू नका. शॉवरजवळ लोंबणारी दोरी दिव्याची नाही, मदतीच्या घंटेची आहे. कमोडमध्ये कागदाशिवाय काही टाकायचं नाही, कारण मैलापाणी सेप्टिक टँकमध्ये जातं.

गरम पाण्याचा हिशोब चौघांच्या कुटुंबाने नीट समजून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी ८० लिटरचा विजेचा गीझर असतो, कॉइल १२०० वॅटची. टाकी गार झाली की पुन्हा पूर्ण तापायला सुमारे चार तास लागतात. थंड पाणी मिसळून त्यातून एकूण वीसेक मिनिटांचा शॉवर निघतो, म्हणजे माणशी पाच मिनिटं. चौथ्याला गार पाणी येतं ते गीझर बिघडल्यामुळे नव्हे. दोघांनी सकाळी आणि दोघांनी संध्याकाळी आंघोळ करावी.

दिवे जाण्याचंही तसंच. इटलीतली नेहमीची घरगुती जोडणी ३ किलोवॅटची असते. गीझरचे १.२, ओव्हनचे २, इथेच मर्यादा ओलांडते. त्यात पाण्याची केटल किंवा केस वाळवायचं यंत्र लावलं की मीटर थोडा वेळ भार सोसतो आणि मग खटका पडतो. आधी खोलीतल्या पेटीतला खटका बघायचा. तो वर असूनही दिवे नसतील तर बाहेरच्या मीटरचा खटका पडलेला आहे. जास्तीची उपकरणं बंद करून तो वर करायचा. हा मीटर कधी कुलपाच्या पेटीत असतो, म्हणून पहिल्या संध्याकाळीच त्याची जागा बघून ठेवा. सॉकेटला एका ओळीत तीन भोकं असतात. मोबाइलचे दोन बारीक पिनांचे चार्जर बसतात, आपले तीन पिनांचे जाड प्लग बसत नाहीत.

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर गॅसपाशी सगळे एकदा अडखळतात. बटण दाबून फिरवलं की ज्योत लागते, सोडलं की विझते. शेगडी ठीक असते. ज्योतीजवळच्या सुरक्षेच्या पिनेला तापायला वेळ लागतो, ती तापेपर्यंत गॅस धरून राहत नाही. ज्योत लागल्यावरही बटण दहा सेकंद दाबूनच ठेवायचं, मग हळूच सोडायचं. ज्योत अजिबातच लागली नाही तर भिंतीवरची गॅसची चावी आडवी आहे का ते पाहा. नळीच्या रेषेत केली की गॅस सुरू. चहासाठी 'लात्ते इंतेरो', म्हणजे साय न काढलेलं दूध, घ्यायचं. चहापूड, कोरडा मसाला, डाळ-तांदूळ घरून न्यावेत, कुकरही. तूप, पेढे, चितळ्यांची बाकरवडी या तिघांत बाकरवडीच न्यावी: युरोपीय संघाबाहेरून सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून कुटलेला मसाल्यातच घालून न्या.

रात्रीचं जेवण शेतघरातच मिळत असेल तर किमान एकदा घ्यावं. ते साडेसात-आठला, सगळ्यांना एकाच वेळी, ठरलेल्या पदार्थांचं असतं. सकाळीच सांगावं लागतं, आणि शाकाहार तर बुकिंग करतानाच. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. पहिल्या ताटलीत भाजलेल्या पावावर तपकिरी, दाट वाटण येतं. दिसायला ते एखाद्या चटणीसारखं दिसतं, पण ती कोंबडीच्या काळजाची असते, हीच तोस्कानाची (म्हणजे टस्कनीची, या भागाची) प्रसिद्ध 'क्रोस्तिनी'. टोमॅटोच्या फोडी घातलेली मागा. सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, म्हणून 'सेंत्सा ब्रोदो दी कार्ने' हे शब्द लिहून द्यावेत. चीजचा प्रश्न त्याहून अवघड: पार्मिज्यानोत वासराच्या पोटातलं विरजण वापरणं नियमानेच ठरलेलं आहे आणि पिएन्झाचं पेकोरिनो बहुतेक प्राण्याच्याच विरजणाचं. 'काल्यो वेजेताले', म्हणजे वनस्पतीचं विरजण, वापरलेलं मिळतं, पण विचारावं लागतं.

शाकाहाऱ्यांसाठी इथला खरा पदार्थ 'पिची'. हाताने वळलेल्या जाड शेवया, पारंपरिक पद्धतीत पीठ आणि पाणी एवढंच, अंडं नाही. त्या 'आल्ल्यॉने' घ्याव्यात, टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांच्या सौम्य लसणाच्या रस्स्यात. सोबतचा पाव अळणी लागतो. मीठ विसरलेले नसतात, तोस्कानाचा पाव बिनमिठाचाच असतो. त्यावर घरचं ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून खाल्लं की तो कशासाठी अळणी ठेवलाय ते जिभेला कळतं. नाश्ता गोड: केक, जाम, कॉफी. पोहे-उपम्याच्या पोटाला दोन दिवस जड जातो.

पैशांचं. हंगामात दोघांच्या खोलीला नाश्त्यासह रात्रीचे १०० ते १५० युरो हा नेहमी दिसणारा दर. त्यावर माणशी रोजचा पर्यटक-कर, तो सहसा रोख द्यायचा असतो. घर घेतलं तर 'पुलिझिये फिनाली', म्हणजे शेवटच्या साफसफाईचे एकरकमी पैसे लागतात, म्हणून दोन रात्रींसाठी घर महागात पडतं. हे पैसे भरूनही ओटा आणि भांडी स्वतः घासून जायची असतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळ ठिकाणी शनिवार ते शनिवार असं आठवड्याचंच बुकिंग घेतात. आगाऊ रक्कम बँकेतून मागत असतील तर 'कापार्रा' हा शब्द शोधा. ती रद्द केल्यावर सहसा परत मिळत नाही. व्हिसा मिळेपर्यंत तरी कार्डाने केलेलं, रद्द करता येणारं बुकिंग बरं, आणि व्हिसासाठी द्यायच्या बुकिंगच्या पत्रावर सोबतच्या प्रत्येकाचं नाव हवं.

जागा निवडताना तारे बघू नका. आग्रितुरिस्मोची अधिकृत प्रतवारी सूर्यफुलांची असते, एक ते पाच. जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय क्रमांकही दिसला पाहिजे, तो २०२५ पासून सक्तीचा आहे. मग एकच प्रश्न पत्राने विचारावा: शेतात तुम्ही काय पिकवता? 'ऑलिव्ह, गहू, थोडी द्राक्षं, पन्नास मेंढ्या' असं उत्तर आलं तर जेवणही त्यातलंच मिळेल. नुसतं 'तलाव आणि सुंदर देखावा' असं आलं तर ते शेतघराचं नाव घेतलेलं हॉटेल आहे.

निघताना तेल घ्यायचं असेल तर बाटलीऐवजी पत्र्याचा डबा घ्या: वजनाला हलका, फुटत नाही आणि उजेड लागून तेल खवट होत नाही. नवं तेल ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरमध्ये निघतं, त्यामुळे मेमध्ये मिळतं ते मागच्या हंगामाचं. डब्यावर कापणीचं साल बघून घ्या. डबा चेक-इन सामानातच, कपड्यांच्या मधोमध.