ल्वार की दोर्दोन्य? फ्रान्सची जुनी गावं सायकलवरून बघायची तर

रजा दहा-बारा दिवसांची आहे, पॅरिस एकदा बघून झालंय आणि आता सायकलवरून फ्रान्सची जुनी गावं बघायचीत, असं म्हणणाऱ्यापुढे नकाशा उघडला की बोट बहुधा दोन नद्यांवर येऊन थांबतं. एक ल्वार, दुसरी दोर्दोन्य. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे किल्ले, आणि फोटो पाहून तर कोणता कुठला हेही कळू नये. मी दोन्हीकडे सायकल चालवली आहे. फोटोत दिसतात तेवढ्या या सहली सारख्या नाहीत. ल्वारच्या काठी गावं वाटेत येतात; दोर्दोन्यला गावासाठी वाट वाकडी करून वर चढावं लागतं. माझ्या मते निवड या एका गोष्टीवर करावी.

आधी ल्वार. या मार्गाला फ्रेंच लोक ‘ला ल्वार आ व्हेलो’ म्हणतात. नेव्हेरजवळच्या क्यूफीपासून अटलांटिकच्या काठावरच्या सँ-ब्रेव्हँपर्यंत तो सुमारे 900 किमी जातो. दहा दिवसांत तो सगळा संपवायचा हट्ट धरू नका. ब्ल्वा ते सोम्यूर एवढाच तुकडा घ्या. फाटे धरून तो दोनशे किमीच्या आसपास होतो आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं त्यात येतं. युनेस्कोने 2000 साली या खोऱ्याला वारसास्थळ म्हटलं, त्यातला सर्वांत भरलेला भाग हाच. वाट कधी स्वतंत्र सायकलमार्गाची, कधी मळ्यांमधल्या गल्लीसारख्या रस्त्याची, तर कधी थेट नदीच्या बांधावरची. फाट्याफाट्यावर पाटी आहे, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवून चालवता येतं.

चढ जवळपास नाहीत. त्रास वाऱ्याचा. बहुतेक जण पूर्वेकडून पश्चिमेकडे, नदीच्या प्रवाहाबरोबर जातात आणि समुद्राकडून येणारा वारा दिवसभर तोंडावर घेतात. बांधावर झाडंही फार नसतात. नदीचा उतार इतका नगण्य आहे की तो पायांना कळत नाही, वारा मात्र पेडलागणिक कळतो. म्हणून मी उलट सांगेन: सोम्यूरला रेल्वेने जा आणि ब्ल्वाकडे या. वारा सहसा पाठीशी राहील.

हे बांध नुसते रस्त्यासाठी घातलेले नाहीत. ल्वार दिसायला शांत, वाळूची बेटं मधे घेऊन सुस्त पडलेली. पण 1846, 1856 आणि 1866 साली तिने जे केलं ते काठावरच्या भिंतींवर कोरून ठेवलंय. पांढऱ्या दगडावर एक आडवी रेघ, शेजारी साल. एका घराच्या दाराशी थांबून मी हात वर केला, तर 1856 ची रेघ बोटांच्याही वर होती. आतल्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता मान हलवली. त्या दिवशी शातो कोणता पाहिला हे आता नीट सांगता येणार नाही, ती रेघ मात्र डोळ्यांपुढे आहे.

शातो म्हणजे राजेरजवाड्यांचे महाल. शाँबोरचं बांधकाम राजा पहिल्या फ्रान्स्वाने 1519 साली सुरू केलं. एकमेकांना न भेटता गोल वर चढणारे दोन जिने तिथे आहेत, आणि उपवनाची कुंपणभिंतच 32 किमी लांब आहे. ब्ल्वाहून सायकलने जाताना जंगल संपतं आणि एकदम छपरावरचे मनोरे समोर येतात. बसने आलेल्यांना ही गंमत मिळत नाही. त्याच 1519 साली लिओनार्दो दा विंची आंब्वाझला, क्लो ल्यूसेच्या घरात वारला. ते घरही याच वाटेवर आहे. पण दिवसाला एकच महाल पाहा. तिसऱ्या महालानंतर सगळे पलंग आणि पडदे सारखे दिसू लागतात.

गावांसाठीच निघाला असाल तर सोम्यूरजवळच्या काँद-सँ-मार्तँला अर्धा दिवस काढून ठेवा. इथे व्हिएन नदी ल्वारला मिळते. संत मार्तँ 397 साली इथेच वारले, म्हणून एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च. घरं पांढऱ्या, मऊ चुनखडीची. या दगडाला ‘त्युफो’ म्हणतात. तो काढून काढून टेकड्यांना जी भगदाडं पडली, त्यांत आज वाईन ठेवतात, अळंबी पिकवतात, कुणी कुणी राहतातही. सोम्यूरच्या बाजूला अशाच एका गुहेतल्या खानावळीत ‘फुए’ खाल्ले. तळहाताएवढी भाकरी लाकडाच्या भट्टीत टाकली की पाहता पाहता टम्म फुगते, मग ती फाडून आत लोणी, बकरीच्या दुधाचं चीज किंवा अळंबी भरायची. फुगलेली भाकरी तव्यावरून थेट ताटात घेणाऱ्या माणसाला हे जेवण समजावून सांगावं लागत नाही.

आता दोर्दोन्य. इथे नदीला कडे आहेत आणि गावं त्या कड्यांना चिकटलेली आहेत. फ्रान्समध्ये ‘सर्वांत सुंदर गावां’ची एक संघटना 1982 पासून आहे, वस्ती दोन हजारांच्या आत आणि किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळं, या तिच्या प्राथमिक अटी. त्या यादीतली बेनाक, कास्तेलनो, ला रोक-गाजाक आणि दोम ही चार गावं इथे पंधरा किमीच्या टप्प्यात सापडतात. इंग्लंड-फ्रान्सच्या शतवर्षीय युद्धात बेनाक फ्रेंचांच्या बाजूचं आणि समोरच्या काठावरचं कास्तेलनो इंग्रजांच्या. मधल्या नदीकाठी उभं राहिलं की दोन्ही किल्ले एकमेकांवर डोळे रोखून बसलेले दिसतात. युद्धाचा एवढा सोपा धडा मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

ला रोक-गाजाकला मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त थांबलो. दक्षिणेकडे तोंड, पाठीशी उंच कडा. दगड दिवसभर तापतो आणि त्या उबेवर गावाच्या बागेत केळी आणि ताडामाडांच्या जातीची झाडं वाढतात. फ्रान्सच्या नैऋत्येला केळीची पानं हलताना बघून कोकणातल्या माणसाचे पाय थबकणारच. याच कड्याचा एक भाग 1957 साली कोसळला, घरं गाडली गेली, माणसं दगावली. ती जागा अजून ओळखू येते.

दोमला मात्र चढल्याशिवाय पर्याय नाही. 1281 साली वसवलेलं हे तटबंदीचं गाव नदीपासून सुमारे दीडशे मीटर वर आहे. सामान लादलेल्या सायकलवर हा चढ दम काढतो. मी शेवटचा तुकडा चालत गेलो आणि त्यात काही बिघडलं नाही. वरच्या वेशीच्या बुरुजात 1307 नंतर टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदारांना कोंडलं होतं, त्यांनी भिंतीवर कोरलेल्या खुणा अजून आहेत. कठड्यावरून सगळं खोरं एका नजरेत येतं.

दोर्दोन्यची खरी अडचण चढांची नाही, रस्त्याची आहे. सार्लापासून काझुलेसपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सुमारे 25 किमीची सुरेख सायकलवाट आहे. पण बेनाक आणि ला रोक-गाजाकच्या अंगाने डी-703 हा रस्ता जातो. तो अरुंद आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोटारींची रांग. सायकलची सवय नवी असेल, सोबत मूल असेल, तर त्या दोन महिन्यांत तिथे जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

दोर्दोन्यच्या पारड्यात आणखी एक वजनदार गोष्ट आहे. शेजारच्या वेझेर नदीच्या खोऱ्यात माणसाने काढलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. लास्कोची गुहा 1940 साली चार मुलांना सापडली. माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली म्हणून 1963 साली बंद झाली. आज दाखवतात ती प्रतिकृती, 2016 साली उघडलेली. अस्सल रंगीत चित्रं बघायची असतील तर लेझ-एझीजवळच्या फाँ-द-गोम गुहेत थोड्याच लोकांना सोडतात, तिकीट फार आधी काढावं लागतं. अजिंठा पाहून आलेल्या माणसाने ही संधी सोडू नये.

जेवणाचं काय? शाकाहारी माणसाला ल्वार कितीतरी सोपी. दोर्दोन्य बदकाचा मुलूख आहे, इतका की सार्लाचे प्रसिद्ध बटाटेसुद्धा बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात. ताटात नुसते बटाटे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, विचारा. अक्रोड, स्ट्रॉबेरी, बकरीच्या दुधाचं छोटं रोकामादूर चीज आणि पाव यांवर दिवस छान निघतो. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, त्या दिवशीच पिशवी भरून घ्या. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: खेड्यातल्या खानावळीचं स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद होतं आणि रविवारी दुपारनंतर, बऱ्याच ठिकाणी सोमवारीही, दुकानं उघडत नाहीत. पाणी संपलं तर स्मशानभूमी शोधा. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो, फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना ते बघा.

सोयीच्या बाबतीत ल्वार पुढे आहे. ब्ल्वा, आंब्वाझ, तूर, सोम्यूर, सगळीकडे स्थानकं. पाऊस आला, गुडघा दुखला की सायकल घेऊन गाडीत बसायचं. ‘आक्केई व्हेलो’ची पाटी असलेल्या मुक्कामी सायकल कुलपात ठेवता येते आणि पंक्चरचं सामान मिळतं. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी बॅगा पोचवणारेही आहेत. दोर्दोन्यला बोर्दोहून येणारी गाडी सार्लाला संपते आणि तिच्या फेऱ्याही मोजक्या. म्हणून तिथे एकच घर धरून रोज वेगवेगळी फेरी मारलेली बरी. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामांचे कागद जोडताना हेच सोपं पडतं. ल्वारला रोज नवं गाव म्हणजे रोज नवं बुकिंग.

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्या, पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसचे 1200 किमी 90 तासांत मारून आलेल्या आपल्याकडच्या मित्रांना दिवसाचे 40 किमी हास्यास्पद वाटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की 40 च ठेवा. गावं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर आपली असतात. तेव्हा तुम्ही रस्त्यावर असाल तर इतक्या लांब येऊन गाव पाहिलंच नाही असं होईल.

हातात चारच दिवस असतील तर दोन्ही नद्या सोडा आणि पूर्वेकडच्या अल्सासला जा. पॅरिसहून स्ट्रासबुर्ग दोन तासांच्या आत, तिथून कोलमार. रीकव्हीर, युनाव्हीर, रीबोव्हिले ही गावं द्राक्षमळ्यांतून दोन-तीन किमीच्या अंतरावर. लाकडी चौकटींची रंगीत घरं, धुराड्यांवर करकोचे. रीकव्हीर जसंच्या तसं उभं आणि शेजारचं बेनव्हीर मात्र नवं का, हे तिथे विचाराल तर 1944-45 च्या हिवाळ्यातल्या लढाईची गोष्ट ऐकायला मिळेल. तूलूझहून निघणारा कनाल द्यू मिदी हा कालवा पुढच्या वेळेसाठी ठेवा. पन्नासेक किमीनंतर वाट मुळांची आणि खड्यांची होते.

तर पहिलीच सहल, सोबत घरचे, सायकलची फार सवय नाही: ल्वार. सायकल हाताखालची आहे, किल्ले चढायची हौस आहे, गाव दिवसभर बसून बघायचंय: दोर्दोन्य, तीही जुलै-ऑगस्ट सोडून. सायकल तिथेच भाड्याने घ्या, आणि ताब्यात घेताच ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. त्यात रस्त्याची बाजूही उजवी. पहिला तास रिकाम्या गल्लीत घालवा. तारखा जुळत असतील तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार पकडा. वारसादिनाचे ते दोन दिवस देशभर जुन्या वास्तू उघड्या असतात, आणि एरवी ज्या दारांवर कुलूपच दिसतं तिथे गावातला कुणीतरी म्हातारा किल्ली हातात घेऊन उभा असतो.