बीएस्सी नर्सिंग, खाजगी कॉलेज, चार वर्षं: तीन स्टार, त्यातले दोन एका पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे)

भाचीचा सीईटीचा निकाल लागला तेव्हापासून फोन चालूच आहेत, ताई तुझं कॉलेज कसं होतं, घेऊ का तिथे ॲडमिशन, फी किती, हॉस्टेलला पाणी येतं का. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. नाव लिहीत नाही, खानदेशातलं एक खाजगी कॉलेज एवढं पुरे, आणि खरं सांगायचं तर अशी बरीच आहेत त्यामुळे तुम्ही ज्यात जाताय तेही थोडंफार असंच निघेल.

आधी चांगलं सांगते. शिकवणाऱ्या मॅडम दोन-तीन जणी खरंच मस्त होत्या. केरळच्या एक होत्या, मराठी तोडकंमोडकं, पण मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, कॅथेटर (लघवीची नळी) घालायला अक्षरशः हात धरून शिकवलं आणि चुकलं तरी कधी सगळ्यांसमोर बोलल्या नाहीत. लायब्ररी बरी. मेसचं वरण म्हणजे पिवळं पाणी पण ते सगळीकडेच असतं.

आता पॅरेंट हॉस्पिटल. नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे की बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल पाहिजे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट. खाटा होत्या हो, मोजून घ्या, शंभर भरतील. पेशंट रोजचे बारा-पंधरा. एका मावशीचा बीपी घ्यायला आम्ही नऊ जणी लायनीत उभ्या, सहावीच्या वेळी ती म्हणाली "पोरी, हात सुन्न पडला गं आता, दुसरा घे." इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र वॉर्ड फुल्ल! मी चार्ट घेऊन टेंपरेचर घ्यायला गेले तर ब्लँकेटमधून आमचे मेसवाले काका बघतायत, मला म्हणे हळू बोल, मला टायफॉईड आहे. तेव्हा हसून हसून पोट दुखलं, आता आठवलं की हसू येत नाही, कारण त्या वर्षी केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची ते लिहायचं असतं ते, आम्ही सीनियरच्या फायलीतून उतरवले, मीही उतरवले, खोटं कशाला बोलू.

मग तीन स्टार कशाला दिले? कम्युनिटी पोस्टिंगसाठी, म्हणजे गावात राहून केलेल्या कामासाठी. आमच्या ग्रुपला सातपुड्यातली एक पीएचसी मिळाली, मुली रडल्या होत्या, रेंज नाही म्हणून. वर्गात आम्ही पाठ केलेलं, सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,०००, उपकेंद्र ५,००० ला आणि तिकडे ३,०००. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न. तिथे गेल्यावर कळलं की ३,००० माणसं म्हणजे एक गाव नसतं, इकडे चार घरं तिकडे सहा घरं असे पाडे, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मधे नाला आणि तासभराची चढण, आणि कम्युनिटी बॅग खांद्यावर. दुसऱ्या दिवशी माझी चप्पल तुटली ती आशाताईंनी तारेनं बांधून दिली.

मला वाटलेलं आपली अहिराणी आहे, चालून जाईल. कसलं काय. बाया पावरी बोलतात, तिथल्या पावरा आदिवासींची भाषा, मी "काय हुई ऱ्हायनं?" विचारलं की नुसत्या हसायच्या. आशाताई नसत्या तर बाईचं पोट दुखतंय की पाठ तेही मला कळलं नसतं. चार वर्षांत इंग्लिश कम्युनिकेशनचा पेपर दिला मी, पावरीचे दहा शब्द कुणी शिकवले नाहीत.

आणि सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघरात आहे, केंद्रानं २०२३ मध्ये त्याच्यासाठी वेगळं मिशन काढलं, आणि आमच्या नोट्समध्ये अर्धं पान. तिथल्या सिस्टरांनी सॉल्युबिलिटी टेस्ट दाखवली. टेस्ट ट्यूबमध्ये द्रावण, त्यात बोटातून काढलेलं थोडंसं रक्त, थोडा वेळ थांबायचं, मग ट्यूबमागे पेपरचा कागद धरायचा. अक्षरं दिसली तर निगेटिव्ह, गढूळ होऊन अक्षरं गायब झाली तर पॉझिटिव्ह. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, सांधे दुखतात म्हणून शाळा बुडवणारी, घरचे म्हणायचे आळशी आहे. तिच्या ट्यूबमागचे शब्द दिसेनात. सिस्टर लगेच म्हणाल्या, यावरून वाहक आहे का रुग्ण ते ठरत नाही, पुढची तपासणी करायलाच लागते, आईला आत्ताच घाबरवू नको. हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

आता माझी खरी तक्रार, आणि ही फक्त कॉलेजवर नाहीये. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आहे, कुठे कुठलं कॉलेज हवं याचा बृहत आराखडा ते करतं. चांगलंच आहे. पण त्या कॉलेजातून निघालेली पोरगी पुढे जाते कुठे, याचा हिशोब कोण ठेवतं? सीट आमच्या भागात, पोस्टिंगचा अनुभव आमच्या भागात आणि नोकरी सुरतला. माझ्या बॅचच्या बऱ्याच जणी सुरत, पुणे, मुंबईला आहेत, दोघी जर्मनचा क्लास लावून बसल्यात कारण तिकडे नर्सला बी-टू लेव्हल लागते, आणि राज्यानंच २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय. जाऊ देत, पैसे मिळतात, मी कोण नावं ठेवणारी. पण जर्मन शिकायची सोय होते तर पावरीची का नाही हो?

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं. तिथे प्रत्येक बॅचला एक गाव दत्तक असतं, विद्यार्थ्यांना घरं वाटून दिलेली असतात आणि ते त्याच घरांकडे परत परत जातात. आम्ही मात्र पोस्टिंग संपल्यावर सही घेतली आणि गाडीत बसलो, त्या मुलीच्या पुढच्या तपासणीचं काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

मी आता सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, एका उपकेंद्रात, ज्याला हल्ली आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणायचं. २०२१ पासूनच्या नवीन सिलॅबसमध्ये सीएचओचा भाग कोर्समध्येच घातलाय, आधीच्या ताईंना त्यासाठी सहा महिन्यांचा वेगळा कोर्स करावा लागायचा, एवढं मात्र कुणीतरी विचार करून केलेलं काम. महिन्याला मानधन २५,००० आणि काम बघून वर १५,००० पर्यंत, कंत्राटी. घरचे म्हणतात याच्यापेक्षा सुरत बरं. असेलही.

तर भाचीसाठी आणि बाकीच्यांसाठी: ॲडमिशनच्या आधी हॉस्पिटलला मंगळवारी-बुधवारी सकाळी न सांगता जा आणि पेशंट मोजा, खाटा नको. सिव्हिलला पोस्टिंग किती आठवडे ते विचारा. ओरिजिनल कागदपत्रं ठेवून घेतात का विचारा, माझी टीसी सोडवायला बाबांना तीन चकरा झाल्या. आणि कम्युनिटी पोस्टिंग कुठे ते विचारा, "जवळच आहे, रिक्षानं जाऊन येतात" असं उत्तर मिळालं तर दुसरं कॉलेज बघा.

चप्पल नको, बूट घ्या.