एक बाटली की दोन: कॉम्पोझिटसाठी बाँड निवडताना

कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, आणि बाँड म्हणजे ते दाताला चिकटवणारा द्रव. आधी एच करून (आम्लाने दाताचा पृष्ठभाग खडबडीत करून) ओलसर डेंटिनवर (बाहेरच्या कडक इनॅमलच्या आतला थर) बाँड लावायची जुनी पद्धत बाजूला ठेवली, तर निवड दोघांतच उरते. एका बाटलीतला युनिव्हर्सल, किंवा प्रायमर (बाँडआधी दात तयार करणारा द्रव) आणि बाँड वेगवेगळे असलेला सौम्य सेल्फ-एच, म्हणजे वेगळं आम्ल न लावता स्वतःच एच करणारा. दुसऱ्या प्रकारात क्लिअरफिल एसई बाँड हे सगळ्यांच्या ओळखीचं नाव. या बाँडमध्ये आणि बहुतेक युनिव्हर्सलमध्ये दाताला धरून ठेवण्याचं मुख्य काम एकच मोनोमर (रेझिनचा मूळ रेणू) करतो, १०-एमडीपी. तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो. त्यामुळे डेंटिनवर कोण जास्त घट्ट बसतं यावर भांडण्यात फारसं हशील नाही. माझ्या मते निकाल लागतो तो हवा मारताना.

युनिव्हर्सलच्या एकाच थेंबात आम्लधर्मी मोनोमर, रेझिन, पाणी आणि सॉल्व्हंट म्हणून एथेनॉल किंवा ॲसिटोन असं सगळं असतं. साधारण सूचना अशी: २० सेकंद घासत लावा, ५ सेकंद हवा, मग क्युअर (कडक) करायला १० सेकंद लाइट. त्या पाच सेकंदांत पाणी आणि सॉल्व्हंट उडून जायला हवं आणि रेझिन मात्र जागेवर राहायला हवं. काचेच्या स्लॅबवर थेंब पसरून तिरकी हवा मारून बघा. आधी पातळ लाटा पळतात, मग मंदावतात, आणि एका क्षणी थर हलायचा थांबतो. ‘वाळला’ म्हणायचं ते तेव्हा. आता हेच वरच्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या बॉक्समध्ये (दाताच्या बाजूला कोरलेल्या खड्ड्यात) करायचं आहे. मॅट्रिक्स बँड (दाताभोवतीची पातळ पट्टी) बसलेला, वेज (ती घट्ट धरणारी पाचर) ठोकलेला, आरशावर वाफ. थर हलतोय की थांबलाय हे दिसतच नाही. जोरात हवा मारली तर भिंतींवरचा थर नको इतका पातळ होतो. इतक्या पातळ थराला हवेतला ऑक्सिजन नीट क्युअर होऊ देत नाही. जपून मारली तर बँड आणि हिरडीकडचा तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ओलं डबकं उरतं. त्या डबक्यात पाणी अडकलेलं असतं, म्हणून वरून कितीही लाइट दिला तरी ते पूर्ण कडक होत नाही. पुढे पेशंट ‘चावताना कळ येते’ म्हणतो, किंवा एक्स-रेमध्ये फिलिंगखाली काळी रेघ दिसते आणि नवी कीड की साचलेला बाँड हे कळेनासं होतं.

माझा कौल दोन बाटल्यांकडे झुकतो तो एवढ्याचसाठी. प्रायमर २० सेकंद ठेवायचा आणि हवेने वाळवायचा. इथे थराची जाडी राखायची काळजी नाही, म्हणून सावकाश, मन भरेपर्यंत वाळवता येतं. त्यावर येणाऱ्या बाँडमध्ये उडवायला सॉल्व्हंटच नसतो. हवेची हलकी फुंकर फक्त तो सारखा करायला, मग १० सेकंद लाइट. कोपऱ्यात हाही साचतो, दाट असल्यामुळे थोडा जास्तच. पण कोरड्या मायक्रोब्रशने टिपून घेतला की झालं, आणि थोडा राहिला तरी तो नीट क्युअर होणारं रेझिन असतो.

दोन बाटल्यांची दुखणीही आहेत. प्रायमरचा पीएच २ च्या आसपास, त्यामुळे इनॅमल, विशेषतः न कापलेलं, पुरेसं एच होत नाही आणि काठावर पुढे तपकिरी रेघ उमटते. म्हणून ३५ ते ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक जेल फक्त इनॅमलच्या कडेवर १५ सेकंद लावा, भरपूर पाण्याने धुवा आणि कड खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत वाळवा. जेल दाट आणि टोक बारीक हवं. ते डेंटिनवर ओघळलं तर सौम्य सेल्फ-एचची पकड कमी होते. युनिव्हर्सल ही चूक बऱ्यापैकी पोटात घालतो. दोन्ही बाटल्यांना एकच ब्रश लावू नका. वेगळ्या रंगांचे ठेवले की घाईत क्रमही चुकत नाही. बाटल्या फ्रिजमधून थोड्या आधी काढा, गार बाँड नीट पसरत नाही. प्रायमरनंतर लाळ लागली तर नुसतं पुसून भागत नाही. धुऊन, वाळवून प्रायमर पुन्हा लावावा लागतो.

झिर्कोनिया, धातू किंवा जुन्या कॉम्पोझिटची दुरुस्ती वरचेवर करत असाल तर युनिव्हर्सल जवळ असणं सोयीचं, यात शंका नाही. मात्र काही युनिव्हर्सलमध्ये असलेल्या सायलेनवर (सिरॅमिकशी जोडणारा घटक) ग्लास सिरॅमिकसाठी विसंबू नका. आम्लधर्मी बाटलीत तो टिकत नाही, वेगळा लावा. ड्युअल-क्युअर (लाइटने आणि आपोआपही कडक होणारं) सिमेंट किंवा कोअर (दाताचा गाभा भरणारं मटेरियल) वापरणार असाल तर त्या बाँडचा ॲक्टिव्हेटर (सोबत मिसळायचा द्रव) लागतो का, हे आधी तपासा. लहान मुलांच्या दातांतही युनिव्हर्सलने थोडा वेळ वाचणं मोठी गोष्ट असते.

कपाटात आधीच युनिव्हर्सल असेल तर तो टाकून देण्याची गरज नाही. थेंब लावायच्या क्षणीच काढा आणि झाकण लगेच लावा. वेलमध्ये (थेंब ठेवायच्या वाटीत) काही मिनिटं पडून राहिला तर सॉल्व्हंट उडून तो चिकट होतो आणि दातात नीट शिरत नाही. हवा लांबून, हलकी सुरू करा, मग हळूहळू जवळ या आणि पाचऐवजी दहा सेकंद तरी द्या. सिरिंजमधून पाणी येत नाही ना, हे आधी आरशावर फुंकून पाहा. शेवटी कोपरा कोरड्या मायक्रोब्रशने टिपा. खोल बॉक्समध्ये लाइटचं टोक तळापासून सहा-आठ मिलिमीटर लांब राहतं, म्हणून तिथे दहाऐवजी वीस सेकंद.